अठरा तास कुणाच्या झोपेवर?

गेल्या एप्रिलात मी अठरा तास अभ्यास केला. पुरावा म्हणून फोटो आहे.

सकाळी सहाला हॉलमध्ये बसलो, रात्री बाराला उठलो. महाराष्ट्रातल्या कैक कॉलेजांत नि विद्यापीठांत जयंतीच्या सुमारास हा उपक्रम होतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तेव्हा पोरांनो, एक दिवस तुम्हीही बसा. आम्ही बसलो. चौदाव्या तासाला माझं कपाळ अर्थशास्त्राच्या पुस्तकावर आपटलं. शेजारच्या दोस्तानं कोपरानं ढोसलं, "उठ रे मेल्या, फोटोवालो येता." उठलो. हसलो. फोटो निघाला. मग पाहुण्यांनी भाषण ठोकलं, की यश हवं असेल तर झोपेवर विजय मिळवा.

झोपेवर विजय! च्यायला, झोप काय आमची दुश्मन आहे? ज्यांच्या बापजाद्यांना गावकीच्या कामाला रात्री-अपरात्री पळवलं, ज्यांच्या डोक्यावरचं वतनाचं जोखड कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं, त्यांच्या पोरांना पुन्हा जागं राहण्याचा उपदेश?

मला कोपरानं ढोसणारा तो दोस्त आज कॉलेजात नाही. तो म्हापशाला एका हॉटेलात ताटं उचलतो. माझ्यापेक्षा हुशार होता. म्हणून हे लिहितोय.

मी सावंतवाडीत शिकतो. मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, तुम्ही ही वाडी पर्यटक म्हणून पाहिली असेल. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी. मी पाहतो ती एस.टी. स्टँडवरची वाडी. माझं गाव आंबोलीच्या रस्त्याला. पाचला उठायचं, पावणेसहाला पायवाट धरायची, साडेसहाची गाडी. साडेसातला पहिलं लेक्चर, एकला शेवटचं. दोन ते आठ मोबाइलच्या दुकानात काम. सव्वाआठची शेवटची गाडी, घरी साडेनऊ. जेवून पुस्तक उघडेपर्यंत दहा. साडेबाराला डोळे मिटतात. पाचला पुन्हा उठायचं. गाडी चुकली तर हा सगळा हिशेब बोंबलला.

मागच्या वर्षी कॉलेजात एक व्यक्तिमत्त्व विकासवाले आले होते. फळ्यावर त्यांनी मोठं वर्तुळ काढलं. चोवीस तासांचे तुकडे पाडले. आठ तास झोप, सहा तास कॉलेज, चार तास अभ्यास, एक तास व्यायाम, एक तास छंद, बाकी कुटुंब. म्हणाले, "समतोल ही मनाची अवस्था आहे." मी वर्तुळात एस.टी. शोधत होतो. दुकान शोधत होतो. पाणी भरणं शोधत होतो. कुठंच नव्हतं. त्या वर्तुळात राहणाऱ्या माणसाला स्वतःची खोली होती, खोलीला दार होतं, आणि दाराबाहेर त्याचं जेवण रांधणारं कुणीतरी होतं. त्या कुणीतरीचं वर्तुळ फळ्यावर काढायला गृहस्थ विसरले.

समतोल ही मनाची अवस्था नाही, दोस्त. समतोल म्हणजे वेळ, पैसा, जागा आणि माणसं. ज्याच्याकडं या चारही आहेत त्याला त्या दिसत नाहीत, म्हणून त्याला वाटतं सगळं मनातच आहे. मासळीला पाणी दिसत नाही तसं.

मन आहेच. ते रोज ओरबाडलं जातं. आमच्या कोकणात जात विचारायची रीत भारी सभ्य आहे. आधी गाव विचारतात. मग आडनाव. आडनावावरून पत्ता लागला नाही तर हळूच, गोड आवाजात, "खंयच्या वाडीतलो रे तू?" गाव एकच, पण वाडी सांगितली की सगळं सांगून झालं. २०२० साली राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. नाव बदललं. प्रश्न विचारणारा तोच राहिला. फॉर्म भरायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमचा काय बाबा, सगळा फुकट." मागं रांगेत वीस पोरं. हसली. त्या दिवशी दोन तास मी पुस्तकाच्या एकाच पानावर होतो. ते दोन तास व्यक्तिमत्त्ववाल्यांनी कुठल्या तुकड्यात घालायचे ते सांगावं.

शिष्यवृत्ती फुकट नाही, हे आधी आपल्या पोरांनाच पाठ करून द्यायला हवं. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. भांडून, निवेदनं देऊन त्यांनी तिजोरीचं दार उघडायला लावलं. ती दया नाही, वसुली आहे. मान खाली घालून घ्यायची चीज नव्हे.

आता आपल्या घरात येऊ. प्रस्थापितांना शिव्या घालणं सोपं, टाळ्याही पडतात. पण माझ्या दोस्ताला नुसत्या प्रस्थापितांनी नाही काढलं. आपणही काढलं.

तो संघटनेचा पोरगा. बॅनर लावायला तो, वर्गणी गोळा करायला तो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला तो. परीक्षा आठ दिवसांवर आली तरी फोन, "येतोस ना?" नाही म्हटलं की, "करिअरवादी झालास रे तू. पांढरपेशा झालास." तो बिचारा गेला. दोन वर्षं गेला. नापास झाला तेव्हा फोन करणाऱ्यांपैकी एकही माणूस त्याच्या वाडीत फिरकला नाही. आम्ही काय केलं ते आमची आई एका वाक्यात सांगते. बियाण्याचं भात कांडून खाल्लं, तर पुढच्या मिरगाला पेरणार काय?

आणि वर बाबासाहेबांचं नाव! अठरा तासांचा चाबूक!

चला, बाबासाहेबांच्याच आयुष्याचा हिशेब मांडू. भक्तीनं नको, हिशेबानं.

परळला डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सगळं घर, एका माणसाला पाय पसरायला जागा. चरित्रात नोंद आहे, की सुभेदार रामजी पोराला लवकर झोपवत. स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोनला भीमाला उठवत आणि त्याच्या जागेवर मग स्वतः आडवे होत. भीमराव चिमणीच्या उजेडात वाचत.

नीट वाचा. भीमराव आधी झोपत. बाप जागा राहायचा म्हणून पोराला झोप मिळायची, आणि झोप मिळायची म्हणून अभ्यास व्हायचा. आज विज्ञान तेच सांगतं, की वाचलेलं झोपेत पक्कं होतं. लष्करातून आलेल्या रामजींना ते विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी एका खोलीत वेळापत्रक बसवलं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती? साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. त्या काळी आपल्यातला पोरगा मॅट्रिक होणं हीच डोंगराएवढी गोष्ट होती, म्हणून सत्काराची सभा झाली. पण टक्केवारीच्या भुतानं पछाडलेल्यांनो, ऐका. २०१६-१७ साली राज्य सरकारनं वसतिगृह न मिळालेल्या पोरांसाठी बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना काढली. चांगली योजना. सुरू झाली तेव्हा तिला साठ टक्के गुणांची अट होती. म्हणजे ज्यांचं नाव योजनेला, त्यांनाच ती मिळाली नसती!

त्या सत्काराच्या सभेत एका शिक्षकानं स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. कृष्णराव अर्जुन केळुसकर. हे आमच्या इथले, वेंगुर्ला तालुक्यातल्या केळूस गावचे. चर्नी रोडच्या बागेत हा पोरगा रोज वाचत बसलेला त्यांनी पाहिला होता. पाहून पुढं गेले नाहीत. चौकशी केली, पुस्तकं दिली, आणि पुढं बडोद्याच्या सयाजीरावांकडं शब्द टाकला. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात कॅन्टीनवाला चहा नि पाणी देत नव्हता. त्याच कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक पुस्तकं देत होते, कपडे देत होते. १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत, दोनपर्यंत जागणारा तो बाप गेला. त्याच वर्षी पोरगा न्यूयॉर्कला पोचला. १९२० साली पुन्हा लंडनला गेले तेव्हा खिशात काय होतं? सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या दोस्तानं दिलेलं कर्ज.

आणि मागं परळच्या चाळीत रमाई. पाच लेकरांतली चार गेली. १९३५ साली ती गेली. बाबासाहेबांचं शरीर मधुमेहानं पोखरलं, आणि १९५६ साली, पासष्टाव्या वर्षी, तेही गेले.

अठरा तासांचं बिल हे आहे. कुणी भरलं? रामजींनी झोपेनं भरलं. रमाईनं लेकरांनी भरलं. बाबासाहेबांनी देहानं भरलं. त्यांनी ते भरलं, ते आमच्यावर पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून. आणि आम्ही ते बिल फ्रेम करून पोरांच्या टाळक्यात हाणतोय!

माझं म्हणणं एवढंच. कुणीही एकट्यानं शिकलेलं नाही. कुणी जागं राहिलं म्हणून कुणी झोपलं. कुणी बागेत थांबून विचारपूस केली म्हणून कुणाला पुस्तक मिळालं. एकट्या पोराला "समतोल राख" म्हणणं म्हणजे एका चाकावर गाडी हाकायला सांगणं. आणि गाडी पडली की पोराला नावं ठेवणं.

रोहित वेमुला, हैदराबाद, जानेवारी २०१६. सात महिन्यांची फेलोशिप थकली होती, वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. पायल तडवी, मुंबई, मे २०१९. दर्शन सोळंकी, पवईची आय.आय.टी., फेब्रुवारी २०२३. ही पोरं कच्ची होती असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर विचारा, की तुझ्यात अशा ठिकाणी एक सत्र काढायची ताकद आहे? ती तिथवर पोचली होती. आम्हीच तिथं नव्हतो. रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेल्या, कुणा दुसऱ्याच्या लेकरासाठी. त्यांच्याइतकं तरी करू. दोस्त, तुझं डोकं फिरायला लागलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याच रात्री कुणाला तरी उठव. मध्यरात्र असली तरी उठव. कुणीच नसेल तर १४४१६ हा सरकारचा फोन आहे, २०२२ पासून, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मदत मागणं शरणागती नाही. मेलेल्या क्रांतिकारकाचा पुतळा होतो, जिवंत पदवीधराचा वकील होतो. आपल्याकडं पुतळे पुष्कळ आहेत.

मग करायचं काय? माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी परतले. त्यांच्या खोलीत डझनभर माणसं राहायची. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच चटईवर रातपाळीचा येऊन पडायचा. खोली एक, चटया चार, पण प्रत्येकाला झोप. त्यांना कुणी टाइम मॅनेजमेंट शिकवलं नव्हतं. मी तेच उचललं. पाळी लावली.

आमच्या वाडीत बुद्धविहार आहे. मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीतून बांधलेला, फरशी, पंखे, लाइट सगळं आहे. वैशाख पौर्णिमेला उघडतो, जयंतीला उघडतो, वर्षावासात प्रवचनाला उघडतो. बाकी कुलूप. आम्ही सहाजण किल्ली मागायला गेलो. चार पोरगे, दोन पोरी. किल्ली ज्यांच्याकडं ते वडीलधारे भडकले, "विहार काय निजाक बांधलो रे?" मी म्हटलं, "होय तात्यानु, निजाक आणि वाचूक." महिनाभर फेऱ्या मारल्या. तात्या वाईट माणूस नाही. फरशीवर चहा सांडेल याची त्यांना भीती. शेवटी किल्ली दिली, अट घातली की झाडून द्यायचं. रोज झाडतो.

रात्री नऊला दोघं झोपतात, दोघं वाचतात. एकला वाचणारे झोपणाऱ्यांना उठवतात आणि त्यांच्या जागेवर आडवे होतात. रामजींचं वेळापत्रक, दुसरं काही नाही. पोरींची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, कारण घरच्यांनी त्याहून उशिराला नकार दिला. त्या तीन तासांत त्यांच्या घरची भांडी त्यांचे भाऊ घासतात. इथं सगळ्यात मोठं भांडण झालं. चळवळीत घोषणा देणारे भाऊ भांड्याला हात लावायला लाजत होते. मग मला उमगलं, की आजवर माझा अभ्यास बहिणीच्या झोपेवर झाला होता. रामजी स्वतः जागले होते. मी दुसरीला जागवत होतो. क्रांती बाहेरून आत येत नाही, बाबा. मोरीपासून सुरू होते.

दुकानही निम्मं केलं. शिष्यवृत्तीचे थकलेले दोन हप्ते आले तेव्हा ते जमलं. नुसत्या मनोधैर्यानं नव्हतं जमलं. ते हप्ते का आले? महिन्यातला एक रविवार आम्ही कागदांचा ठरवलाय. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, आधारला जोडलेलं बँक खातं, महाडीबीटीवरचा अर्ज, दरवर्षीचं नूतनीकरण. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं तारीख लिहून ठेवायची. ओरोसच्या समाजकल्याणच्या हापिसात एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. एकट्याला "उद्या या" सांगतात. दोघांना सांगताना जरा जड जातं.

अपमान झाला तर वहीत लिहायचा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. पोटात ठेवलेला अपमान आजार होतो, वहीत लिहिलेला अपमान पुरावा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली समतेसाठी नियम केले, त्यात तक्रारीची वाट आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. कायदा आपोआप चालत नाही, पण कोऱ्या वहीवर तर तो उभाही राहत नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर लपू नका. चुकीचं बोला, मोठ्यानं बोला. एखादा विषय गेला तर विषय गेला, तुम्ही गेला नाही. एटीकेटी म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे. आणि चळवळीला आठवड्याचे चार तास द्या. प्रामाणिक चार. परीक्षेच्या महिन्यात शून्य. जो नेता या शून्याला गद्दारी म्हणेल त्याला विचारा, साहेब, तुमचा मुलगा कुठल्या कॉलेजात आहे? त्याला बॅनर लावायला कधी बोलावलंत?

आमच्या सहाजणांनी काय मोठे दिवे लावले असं नाही. एकाला दोन विषयांत एटीकेटी. एका पोरीचं लग्न ठरवायचं घाटतंय, आम्ही तिच्या वडलांकडं चकरा मारतोय. पावसात लाइट जाते तेव्हा मेणबत्त्या. पण मी आता सहा तास झोपतो. आई परवा म्हणाली, "आता तुझा तोंड माणसासारख्या दिसता." आयुष्यात मिळालेलं पहिलं प्रगतिपुस्तक म्हणून मी ते जपून ठेवलंय.

त्या दोस्ताला फोन केला. विहाराचं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माका कोण उठवूक इलोच नाय रे." मी काय बोलणार? त्या हॉलमध्ये त्यानं मला उठवलं होतं. त्याची वेळ आली तेव्हा मी झोपलो होतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म त्याला पाठवलाय. काम करता करता पदवी पुरी करता येते. भरेल की नाही, माहीत नाही. मी दर रविवारी फोन करणार आहे. चिडला तरी करणार आहे.

तुम्ही वरळीत असाल, घाटकोपरला असाल, पुण्यात असाल. तुमच्या वस्तीत विहार आहे. समाजमंदिर आहे. आठवड्यातले सहा दिवस त्याला कुलूप आहे, आणि भिंतीपलीकडं एका खोलीत सात माणसांत एक पोरगी टॉर्च लावून वाचतेय. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या पैशांत त्या विहाराचं वर्षभराचं वीजबिल भरून निघेल. पुढच्या एप्रिलात अठरा तासांचा फोटो काढू नका. त्यापेक्षा किल्ली कुणाकडं आहे ते शोधून काढा. मागा. नाही दिली तर पुन्हा मागा.

आणि रात्री कुणीतरी एकजण जागे राहा. बाकीच्यांना झोपू द्या. दोनला उठवा.

जय भीम.